बेसिन बदलताना, आणि फ्लशच्या टाकीचं झाकण उघडल्यावर

आमचं बेसिन फुटलं ते पितळेच्या तांब्याने. वरच्या फळीवरून तो सटकला आणि बरोबर बेसिनच्या काठावर पडला. तांब्याला साधा पोचाही आला नाही, बेसिनला मात्र काठापासून जाळीपर्यंत केसाएवढी चीर गेली. दोन दिवस एम-सील थापून काढले. तिसऱ्या दिवशी खालच्या फरशीवर थेंब दिसायला लागले. प्लंबर ‘उद्या सकाळी नक्की’ म्हणाला आणि अशा चार सकाळी गेल्या. शेवटी मीच नवं बेसिन आणलं, दिवसभर खपून बसवलं, आणि शेवटचा नट आवळताना ‘कट्ट’ असा आवाज आला. नव्याकोऱ्या बेसिनच्या पाठीला तडा. दुसरं बेसिन घ्यायला गेलो तेव्हा मी तोंड उघडायच्या आतच दुकानदार म्हणाला, “नट जास्त पिळला ना काका?”

त्यानंतर मी स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या घरची मिळून बरीच बेसिनं बदलली. या कामात ताकदीचं काही नाही. अर्धा दिवस मोजण्यात जायला हवा, आणि पाना हातात आला की तो कुठे थांबवायचा हे कळायला हवं. नवशिक्याच्या हातून गळती होते ती बहुतेक वेळा ढिल्या नटामुळे नाही, तर जास्त आवळल्यामुळे. वॉशर चेपून बाहेर येतो, प्लास्टिकचे आटे कापले जातात आणि पाणी वाट काढतं.

आधी कागद, पेन आणि टेप

दुकानात जाण्याआधी जुन्या बेसिनची चार मापं घ्या. पहिलं, जमिनीपासून काठापर्यंतची उंची. साधारण ८० ते ८५ सें.मी. बरी पडते. घरात बुटकी माणसं किंवा लहान मुलं असतील तर थोडी कमी, पण फार खाली आणलं तर तोंड धुताना कंबर मोडते. दुसरं, दोन बोल्टांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत. तिसरं, भिंतीपासून बेसिनच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. आणि चौथं, जे सगळे विसरतात: सांडपाण्याचं पाइप भिंतीत जातं त्या भोकाची जमिनीपासूनची उंची.

हे चौथं माप चुकलं तर बाकी सगळं बरोबर येऊनही उपयोग नाही. पाणी खालीच वाहणार. बेसिनच्या तळाशी कपलिंग, म्हणजे भोकातून खाली उतरणारी जाळीची नळी, त्याखाली बॉटल ट्रॅप, म्हणजे थोडं पाणी धरून गटाराचा वास अडवणारं बाटलीसारखं भांडं, आणि ट्रॅपचं आडवं तोंड भिंतीतल्या भोकाच्या समान किंवा किंचित वर यायला हवं. खोल बेसिन आवडलं म्हणून आणलं आणि ट्रॅपचं तोंड भोकाच्या खाली गेलं, तर एक तर बेसिन वर चढवावं लागतं नाही तर टाइल फोडावी लागते. माझ्या मेहुण्याने हौसेने टेबलटॉप बेसिन घेतलं होतं. ग्रॅनाइटच्या कट्ट्यावर ते बसवल्यावर काठ इतका वर गेला की त्याची आई आजही स्वयंपाकघरात जाऊन चूळ भरते.

दार उघडून बघा, ते बेसिनच्या कोपऱ्याला लागत नाही ना. आपल्याकडच्या चार बाय सहा फुटी बाथरूममध्ये बेसिन दोन इंच जास्त पुढे आलं तरी रोज कोपर आपटतं.

भिंत कशाची आहे तेही बघा. विटेची किंवा काँक्रीटची असेल तर भिंतीला टांगायचं बेसिन बिनधास्त घ्या. पण अलीकडच्या बऱ्याच इमारतींत आतल्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे पोकळ दाण्याच्या हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यात साधी गिट्टी, म्हणजे बोल्ट धरून ठेवणारं प्लास्टिकचं बूच, ठोकली की महिन्याभरात ढिली होते. बेसिन स्वतः दहा-बारा किलोचं असेल, पण सकाळी झोपेत माणूस दोन्ही हातांनी त्यावर रेलतो, तो भार खरा. अशा भिंतीला खाली पायाचा खांब असलेलं, म्हणजे पेडेस्टल बेसिन घ्यावं, नाही तर भिंतीतून आरपार बोल्ट काढून पलीकडून लोखंडी पट्टी लावावी.

दुकानात काय मागायचं

“बेसिनचा सेट द्या” असं म्हटलं की दुकानदार समोर असेल ते देतो. एकेक वस्तू नावाने मागा.

पिलर कॉक, म्हणजे बेसिनवर उभा राहणारा नळ. तो आणि बेसिन एकाच वेळी घ्या आणि नळ बेसिनच्या भोकात घालून बघा. ३२ मि.मी.चं वेस्ट कपलिंग, म्हणजे बेसिनच्या भोकातली चकचकीत जाळीची नळी. इथे एक गोष्ट तपासायची: बेसिनच्या आत वरच्या बाजूला ओव्हरफ्लोचं छोटं भोक असेल तर कपलिंगच्या नळीला बाजूने खाचा हव्यात. ओव्हरफ्लोचं पाणी बेसिनच्या पोकळ भिंतीतून उतरून त्या खाचांतून आत येतं. बिनखाचेचं कपलिंग लावलं तर ते पाणी आतच तुंबतं, आणि काही दिवसांनी बेसिन स्वच्छ घासूनही वास येत राहतो. उलट, ओव्हरफ्लो नसलेल्या बेसिनला खाचांचं कपलिंग लावलं तर त्याच खाचांतून पाणी बाहेर पडायचा धोका.

मग ३२ मि.मी.चा बॉटल ट्रॅप, त्याची भिंतीपर्यंतची नळी आणि भिंतीवरची चकती. अर्ध्या इंचाचा अँगल कॉक, म्हणजे बेसिनखाली भिंतीतून निघणारा, पाणी बंद-चालू करायचा छोटा कॉक. जुना दहा वर्षांचा झाला असेल तर बदलूनच टाका. विणलेल्या स्टीलचं आवरण असलेलं कनेक्शन पाइप १८ किंवा २४ इंची. हे ताणून बसवायचं नसतं, म्हणून मापापेक्षा थोडं लांबच घ्या. रॅग बोल्टची, म्हणजे बेसिन भिंतीला धरणाऱ्या लांब बोल्टांची जोडी प्लास्टिकच्या गिट्ट्या आणि वॉशरसकट. टेफ्लॉन टेप दोन रिळं. बुरशी न धरणारं बाथरूमचं पांढरं सिलिकॉन. आणि एक वस्तू जी यादीत कोणी लिहीत नाही: अर्ध्या इंचाची ‘डमी’, म्हणजे आट्यांचं बूच. किंमत नगण्य. ती कशाला ते पुढे येतंच.

नळ पितळेचा घ्यावा असं माझं मत. दोन नळ हातात धरून वजन केलं तरी फरक कळतो. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याच्या भागात मात्र महागड्या नळाचीही क्षार गय करत नाहीत, हे धरून चाला.

जुनं काढताना

पाणी बंद करा. अँगल कॉक बंद करून भागेल असं वाटतं, पण बदलायचा तोच असेल तर बाथरूमचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा लागतो, आणि जुन्या इमारतीत तो गच्चीवर टाकीजवळ असतो. तिथे चार-सहा व्हॉल्व्ह एका रांगेत, नाव कशावरच नाही. घरात नळ उघडा ठेवून कोणाला तरी फोनवर उभं करा आणि एकेक फिरवून बघा. आपला सापडला की रंगाने फ्लॅट नंबर लिहून टाका. शेजारच्यांना आधी सांगा. साबण लावून उभ्या असलेल्या माणसाचा राग फार वाईट.

अँगल कॉक काढताना घाई नको. तो टाइलमागच्या पाइपाला थेट बसलेला नसतो, मध्ये बहुधा पितळेचा एक छोटा तुकडा, एक्स्टेन्शन निपल असतो. जोरात झटका दिला तर कॉकबरोबर हा निपलही फिरतो, किंवा आतला प्लास्टिकचा एल्बो तडकतो, आणि मग भिंत फोडल्याशिवाय सुटका नाही. कॉक जाम असेल तर लिंबूफूल गरम पाण्यात विरघळवून त्यात फडकं भिजवा आणि कॉकभोवती गुंडाळून तासभर ठेवा. क्षार सैल पडतो. मग एकसारखा, हळूहळू वाढवत जोर द्या. कॉक निघाला आणि नवा बसवायला काही अडचण आली, तर त्या तोंडाला टेप गुंडाळून डमी लावायची आणि गच्चीवरचा व्हॉल्व्ह उघडून टाकायचा. घरात पाणी येतं, तुम्ही निवांत दुकानात जाता. रविवारी संध्याकाळी ही डमी खिशात असण्याचं सुख ज्याला एकदा मिळालं तो ती पुन्हा विसरत नाही.

बॉटल ट्रॅपखाली बादली ठेवा आणि त्याची खालची वाटी हाताने फिरवून काढा. आत केसांचा काळा गोळा, टूथपेस्टचा चिखल आणि नशीब असेल तर हरवलेलं कानातलं सापडतं. नळाखालचा नट बेसिनच्या पाठीमागे इतक्या अडचणीत असतो की साधा पाना फिरतच नाही. त्यासाठी लांब दांडीचा बेसिन पाना मिळतो. तो नसेल तर नळ तसाच राहू द्या, कनेक्शन पाइपाचं खालचं टोक सोडवा आणि बेसिन नळासकट उतरवा.

काठाभोवतीचं पांढरं सिमेंट किंवा सिलिकॉन ब्लेडने कापा. ते न कापता बेसिन ओढलं तर टाइलचा टवका निघतो. मग एकाने बेसिन खालून पेलायचं, दुसऱ्याने बोल्टचे नट काढायचे. फुटकं बेसिन असेल तर हातमोजे हवेतच. फुटलेली चिनी माती काचेसारखी कापते. जुनं गोणपाटात गुंडाळून खाली न्या, नाही तर जिन्यात कोणाच्या तरी पायात जाईल.

नवं आधी जमिनीवर जोडा

भिंतीवर टांगल्यावर खाली वाकून, मान वाकडी करून नळ बसवण्यात काही शौर्य नाही. जुनी गोधडी पसरा, बेसिन तिच्यावर पालथं घाला आणि नळ, कनेक्शन पाइप, कपलिंग सगळं तिथेच जोडून घ्या.

कपलिंगचा क्रम असा: वरून जाळीच्या कडेखाली रबर किंवा सिलिकॉनची पातळ वेटोळी, मग भोकातून नळी खाली, खालून जाड रबर, त्यावर प्लास्टिकची चकती, मग नट. प्लास्टिकची चकती मध्ये का, तर नट फिरताना रबराला पिळून सरकवू नये म्हणून. नट हाताने घट्ट होईपर्यंत फिरवा, मग पान्याने पाव फेरी, फार तर अर्धी. तिथेच थांबायचं. चिनी माती सरळ दाब भरपूर सोसते, पण ताण आणि वाक तिला जमत नाही. आमचं पहिलं बेसिन गेलं ते शेवटच्या अर्ध्या फेरीत.

आता टेफ्लॉन टेपबद्दल. आपल्याकडे दिसेल त्या आट्यांवर टेप गुंडाळायची सवय आहे. नियम सोपा आहे: जिथे रबराचा वॉशर पाणी अडवतो तिथे टेप नको, जिथे फक्त आटे पाणी अडवतात तिथे टेप हवी. अँगल कॉक भिंतीत बसतो तिथे टेप. कनेक्शन पाइपाच्या नटात काळा वॉशर असतो, तिथे टेप नको. टेपच्या थरामुळे नट पूर्ण बसत नाही आणि वॉशरवर दाब येत नाही. टेप गुंडाळताना आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून, दहा-बारा वेढे. उलट गुंडाळली तर कॉक आत जाताना टेप उलगडत बाहेर येते. तसंच, कॉक बसवताना जागा चुकली म्हणून अर्धी फेरी मागे घेऊ नका. टेप फाटते आणि दोन दिवसांनी ठिपकायला लागतं. पुढे फिरवून जागेवर येत नसेल तर काढा, टेप नव्याने गुंडाळा, पुन्हा बसवा.

भिंतीवर

जुनी भोकं नव्या बेसिनला जुळणं हा नशिबाचा भाग. नाहीच जुळत. बेसिन भिंतीला धरून दोन्ही बोल्टांच्या जागा पेन्सिलने खुणवा, पाणसळ लावून दोन्ही खुणा एका रेषेत आहेत का बघा. टाइलच्या सांध्यावर डोळा ठेवून अंदाज करू नका, टाइलच वाकड्या असतात.

भोक पाडण्याआधी भिंतीत काय आहे याचा विचार करा. अँगल कॉकच्या सरळ वर किंवा सरळ खाली पाण्याचं पाइप असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. गिझरच्या बटणाखालून वायर जात असेल. अशा रेषेत खूण आली तर बेसिन थोडं सरकवा.

टाइलवर ड्रिल घसरतं, म्हणून खुणेवर चिकटपट्टी लावून तिच्यावर फुली मारा. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचं हॅमर, म्हणजे ठोके देणं, बंद, हळू वेग, बिटवर थोडं पाणी शिंपडत. भिंत लागली की हॅमर सुरू. भोकातली भुकटी फुंकून काढा, गिट्टी हलक्या हाताने ठोका, तिचं तोंड टाइलच्या थोडं आतच राहू द्या. गिट्टी टाइललाच भिडून फुगली तर टाइल तडकते.

बोल्ट फिरवून बसवा, बेसिन चढवा, प्लास्टिकचे वॉशर, मग नट. एक नट थोडा, दुसरा थोडा, असं आलटून पालटून. मधूनच पाणसळ ठेवा. काठ किंचित पुढे झुकलेला असेल तर पाणी अंगावर येतं, किंचित मागे असेल तर नळाच्या बुडाशी साचतं आणि तिथे काळी बुरशी धरते.

बॉटल ट्रॅपची नळी भिंतीतल्या पाइपात चार-पाच सें.मी. तरी आत जायला हवी. लांब असेल तर करवतीने कापा, कापलेली कड घासून घ्या, नाही तर ती रबराची रिंग फाडते. नळी आणि भिंतीतलं पाइप यांच्यामधली फट रबरी रिंगने बंद करायला विसरू नका. झुरळं बाथरूममध्ये येतात ती बऱ्याचदा याच फटीतून, आणि लोक बिचारे जाळीवर औषध फवारत बसतात. हे सांडपाणी पुढे बहुधा नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीच्या जाळीखालच्या पाणी धरणाऱ्या भांड्यात जातं. महिनाभर घर बंद ठेवून आल्यावर बाथरूमला वास येतो तो त्या भांड्यातलं पाणी आटलेलं असतं म्हणून. दोन तांबे पाणी ओतलं की काम होतं.

पाणी सोडताना

नळाच्या तोंडाची जाळी काढून ठेवा. मग अँगल कॉक हळू उघडा. पाइपात साचलेला गाळ आणि टेपचे तुकडे निघून जाऊ द्या आणि मगच जाळी लावा. नवा नळ दुसऱ्याच दिवशी बारीक वाहतो अशी तक्रार येते, ती ही जाळी न काढल्यामुळे.

खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा. डोळ्याला न दिसणारा थेंब कागदावर लगेच दिसतो. आता बेसिनच्या भोकाला बूच लावून ते ओव्हरफ्लोपर्यंत भरा आणि एकदम सोडा. नुसता नळ चालू ठेवून बघितलं तर कपलिंगवर जोर येतच नाही. भरलेलं बेसिन रिकामं होताना खरी परीक्षा होते. प्रत्येक सांध्याखालून कोरडा कागद फिरवा. कुठे ओल लागली तर आधी नट सोडून वॉशर नीट बसलाय का बघा. लगेच आवळायला जाऊ नका.

सिलिकॉन सगळ्यात शेवटी, आणि भिंत व काठ पूर्ण कोरडे असताना. वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला भरा. खालची कड मी मुद्दाम उघडी ठेवतो, म्हणजे पुढे कधी मागून पाणी झिरपलं तर ते तिथून दिसतं. लावल्यावर चोवीस तास बेसिन वापरायचं नाही. हे घरच्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा.

आता कमोड

कमोडला लोक उगाच घाबरतात. त्यात फिरणारा, हलणारा एकही भाग नाही. वाकडी वाट असलेलं चिनी मातीचं भांडं, एवढंच. त्या वाकड्या वाटेत कायम पाणी उभं असतं आणि ते गटाराचा वास अडवतं. ही युक्ती अलेक्झांडर कमिंग नावाच्या लंडनच्या घड्याळजीची; त्याने १७७५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आजही प्रत्येक कमोडमध्ये तीच आहे.

भांड्याला बाहेर जायचं तोंड मागे भिंतीकडे असेल तर पी-ट्रॅप, खाली जमिनीत असेल तर एस-ट्रॅप. कमोड बदलायचा झाला तर एस-ट्रॅपमध्ये भिंतीपासून त्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर आधी मोजा. नऊ इंच आणि बारा इंच ही नेहमीची मापं. बाराच्या जागी नऊचा आणला तर टाकी आणि भिंत यांच्यात हात जाईल एवढी फट राहते. उलट केलं तर कमोड बसतच नाही.

भांडं नीट आहे का हे तपासायला बादली पुरे. अर्धी बादली पाणी एका दमात ओता. सगळं खळकन ओढून निघून गेलं तर भांडं आणि पुढचं पाइप उत्तम आहे, दोष टाकीत किंवा काठाखालच्या भोकांत. पाणी वर चढून हळूहळू उतरलं तर पुढे अडलं आहे, टाकीला हात लावू नका. काठाखालची भोकं क्षाराने बुजतात. छोटा आरसा धरून बघा आणि जुन्या टूथब्रशने लिंबूफुलाचं पाणी लावून मोकळी करा. टॉयलेट साफ करायचं आम्ल आणि ब्लीचिंग पावडर मात्र कधीही एकत्र वापरू नका, क्लोरीन वायू निघतो आणि बाथरूमएवढ्या बंद जागेत तो घातक ठरतो.

भांड्यातलं पाणी आपोआप कमी होत असेल आणि तडा दिसत नसेल, तर वाटेत एखादा केसांचा झुपका किंवा चिंधी अडकून वातीसारखी पाणी पलीकडे ओढत असते.

टाकीचं झाकण

झाकण उचलून गोधडीवर ठेवा, कमोडच्या सीटवर नाही. आत काय काय दिसतं त्याने गोंधळू नका. दोनच यंत्रं आहेत: एक पाणी आत घेतं, एक बाहेर सोडतं.

बाजूला उभी नळी आणि तिच्यावर फुगा किंवा पेला, हा फ्लोट. पाणी चढलं की तो वर येतो आणि आत येणारं पाणी बंद करतो. मधोमध जाड दांड्यासारखं उभं आहे ते सोडणारं. वरचं बटण दाबलं की ते उचललं जातं आणि तळाचं भोक उघडतं. त्या भोकावर रबराची चकती बसते. याच दांड्याची वरून उघडी नळी म्हणजे ओव्हरफ्लो. आत घेणारं यंत्र बिघडलं तर पाणी फरशीवर न सांडता या नळीतून भांड्यात जातं.

दोन बटणांच्या टाकीत मोठं साधारण सहा लिटर सोडतं, छोटं तीन. जुन्या टाक्या एका वेळी दहा लिटर सोडायच्या. एक माणूस दिवसातून एकदा मोठं आणि चारदा छोटं दाबतो असं धरलं तर अठरा लिटर लागतात. जुन्या टाकीत पन्नास. चार माणसांच्या घरात रोजचा फरक १२८ लिटरचा. जुनी टाकी ठेवायचीच असेल तर आत पाणी भरलेली बाटली घट्ट झाकून ठेवा. वीट नको, ती विरघळून वाळू सोडते आणि ती वाळू त्या रबराखाली जाऊन बसते.

टाकी सारखी वाहते, ही शंभरातल्या नव्वद घरांतली तक्रार. त्यावर एका रात्रीची तपासणी: झोपताना टाकी भरू द्या, पाण्याची पातळी पेन्सिलने आत खुणवा, टाकीचा अँगल कॉक बंद करा. सकाळी पातळी उतरली असेल तर तळाचं रबर गळतंय. जागेवर असेल तर रबर ठीक आहे, दोष फ्लोटमध्ये. तो पाणी बंदच करत नाहीये आणि जादाचं ओव्हरफ्लोमधून जातंय. घाई असेल तर टाकीत कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळी उतरली की रबराचा गुन्हा सिद्ध.

रबर बदलणं पाच मिनिटांचं काम. कॉक बंद, टाकी रिकामी, मधला दांडा बहुतेक टाक्यांत पाव फेरी फिरवून वर निघतो. जुनं रबर दुकानात घेऊन जा. डोळ्यांनी सारखी दिसणारी रबरं दोन मि.मी.ने वेगळी निघतात. बसवण्याआधी ज्या कडेवर ते टेकतं ती बोटाने चाचपा. क्षाराचा एक कण राहिला तरी नवं रबर गळणार. फ्लोट नीट करायला त्याच्या बाजूचा स्क्रू फिरवून पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली इंचभर आणा. तरीही पाणी थांबत नसेल तर आतल्या जाळीत कचरा असतो, ती धुऊन घ्या.

चाळीत असायची ती उंचावरची, साखळी ओढायची बिडाची टाकी या बाबतीत हुशार होती. तिच्यात सायफन असे. साखळी ओढली की घंटेसारखं भांडं उचललं जाई आणि पाणी स्वतःच वर चढून पलीकडे पडे. तळाला उघडझाप करणारं रबर नाहीच, मग गळणार काय? आवाज मात्र तीन मजले ऐकू जायचा.

टाकी नसून भिंतीत नुसतं दाबायचं फ्लश व्हॉल्व्ह असेल तर ते गच्चीच्या टाकीच्या दाबावर चालतं. म्हणून सगळ्यात वरच्या मजल्यावर ते नेहमी मंद. तिथे व्हॉल्व्ह बदलून काही होत नाही, टाकी लावणं हाच इलाज.

फ्लशनंतर कमोडच्या बुडाशी ओल येत असेल तर कनेक्टरचं, म्हणजे कमोड आणि सांडपाण्याचं पाइप जोडणाऱ्या तुकड्याचं रबर गेलेलं असतं. खालच्या घराच्या छतावर डाग पडेपर्यंत थांबू नका. सोसायटीतली अर्धी भांडणं त्या डागापासून सुरू होतात. कमोड उचलून परत बसवायचं हे काम मी प्लंबरलाच देतो. फक्त त्याला सांगतो की बुडाशी पांढरं सिमेंट नको, सिलिकॉन भर. सिमेंटवर कमोड पक्का बसतो, पण पुढच्या वेळी उचलताना फुटतोच.

आणि जेट स्प्रे. त्याची नळी चोवीस तास दाबाखाली ठेवायची नसते. वापरून झाल्यावर अँगल कॉक बंद करा. आमच्या मजल्यावर एका घरात ही नळी दुपारी फुटली, घरी कोणी नव्हतं, आणि संध्याकाळी लिफ्टच्या दारातून पाणी वाहत होतं.